वेगाचे गद्य : टी. ई. लॉरेन्स, ब्रफ सुपिरिअर आणि रस्त्याची संहिता

१

डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) हा चित्रपट वाळवंटात सुरू होत नाही. तो सुरू होतो इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील एका अरुंद, झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर. एक मनुष्य मोटारसायकल सुरू करतो, वेग वाढवीत जातो, समोर सायकलस्वार दिसताच गाडी वळवतो, आणि पुढच्या क्षणी त्याचा चष्मा झुडपाच्या फांदीला लटकताना दिसतो. या प्रारंभामुळे पुढील साडेतीन तासांची सारी कथा मृत्यूच्या प्रकाशात पाहण्याची सवय प्रेक्षकाला लागते. थॉमस एडवर्ड लॉरेन्सविषयीच्या चरित्रात्मक लेखनानेही बहुधा हीच वाट धरली आहे. अरबस्तानातील बंडानंतर स्वतःला हरवून बसलेला नायक, त्याला लागलेली वेगाची ओढ, आणि त्या ओढीत दडलेली आत्मनाशाची इच्छा, अशी ही मांडणी आहे. मोटारसायकल या मांडणीत केवळ प्रतीक म्हणून येते. ती कोठे तयार झाली, कोणत्या पैशाने विकत घेतली गेली, तिच्यावरून कोणी कोठे जात असे आणि ती कोणत्या कायद्याखाली धावत असे, हे प्रश्न प्रतीकाला कोणी विचारत नाही.

हे प्रश्न विचारले तर काय दिसते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी परस्परांहून भिन्न प्रकृतीच्या काही संहिता एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात : लॉरेन्सच्या ‘द मिंट’ या ग्रंथातील ‘द रोड’ हे प्रकरण, एका यंत्रनौकेची माहितीपुस्तिका, मृत्यूच्या चौकशीतील साक्षी आणि १९४१ मधील एक वैद्यकीय लेख. तौलनिक साहित्याभ्यासात अशा संहितांना सहसा एका पंक्तीत बसवले जात नाही. परंतु रस्त्यावरील मृत्यू ही गोष्टच अशी आहे की तिचे वर्णन कोणत्या गद्यात केले जाते, यावर तिचे पुढे काय होते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

२

नॉटिंगहॅम येथील विल्यम ब्रफ हे ‘ब्रफ’ नावाच्या मोटारसायकली तयार करीत. त्यांचा मुलगा जॉर्ज याने १९१९ मध्ये वेगळा संसार थाटला आणि आपल्या गाडीला ‘ब्रफ सुपिरिअर’ असे नाव दिले. ‘श्रेष्ठ ब्रफ’ म्हटल्यावर वडिलांची ब्रफ आपोआप कनिष्ठ ठरते, ही गोष्ट वडिलांना रुचली नाही. घराण्यातील ही कुरबूर बाजूला ठेवली तरी नावातील आत्मविश्वास लक्षात घेण्याजोगा आहे. जॉर्ज ब्रफ इंजिने स्वतः बनवीत नसे. लंडनच्या जे.ए.पी. कंपनीची, आणि पुढे मॅचलेस कंपनीची, सुमारे एक हजार घन सेंटिमीटर क्षमतेची जोड-सिलिंडर इंजिने घेऊन तो त्यांभोवती आपली गाडी रचीत असे. अनेक उत्तम भाग निवडून, ग्राहकाच्या उंचीनुसार व मागणीनुसार ते जुळवून, प्रत्येक गाडी हाताखालून घालणे हे त्याचे कौशल्य. मोटारसायकलविषयक नियतकालिकातील एका समीक्षकाने तिला मोटारसायकलींमधील ‘रोल्स-रॉइस’ म्हटले आणि हे बिरुद जॉर्जने जाहिरातीत कायमचे वापरले. १९४० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या कारखान्यातून जेमतेम तीन हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या.

यांपैकी ‘एस.एस. ८०’ हे प्रारूप १९२२ च्या सुमारास आणि ‘एस.एस. १००’ हे १९२४ मध्ये आले. नावातील आकडे निव्वळ शोभेचे नव्हते. ‘एस.एस. १००’ विकत घेणाऱ्याला गाडीने चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठला असल्याची लेखी हमी मिळे. किंमत १७० पौंडांच्या घरात. त्या काळी एवढ्या पैशांत लहानशी मोटारगाडी घेता आली असती. त्यामुळे ही खरेदी गरजेची नव्हे, निवडीची होती, हे उघड आहे. शर्यतीचे मैदान आणि घाऊक रस्ता यांच्यातील अंतर या हमीने जवळजवळ पुसून टाकले होते. ब्रुकलंड्सच्या वर्तुळाकार मार्गावर जॉर्ज ब्रफ स्वतः शर्यती जिंकत असे, आणि त्याच्या गाड्यांवर पुढे जागतिक विक्रम नोंदवले गेले. एरिक फर्निहाउने १९३७ मध्ये हंगेरीतील ग्योन येथे ताशी १६९ मैलांहून अधिक वेग गाठला. पुढच्याच वर्षी, त्याच रस्त्यावर, पुन्हा प्रयत्न करताना तो मरण पावला.

लॉरेन्सने १९२२ ते १९३५ या काळात एकामागून एक सात ब्रफ सुपिरिअर वापरल्या. आठवीची मागणी नोंदवलेली होती. गाड्यांना तो ‘जॉर्ज’ असे निर्मात्याचे नाव देऊन राजांप्रमाणे क्रमांक लावी, आणि त्यांचे सामाईक नाव होते ‘बोअनर्जेस’. मार्काच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान या बंधूंना येशू हे नाव देतो. मराठी बायबलात त्याचा अर्थ ‘गर्जनेचे पुत्र’ असा दिला आहे. मराठीने याच यंत्राला ‘फटफटी’ म्हटले. दोन्ही नावे आवाजातूनच जन्मली आहेत. पण एका नावामागे ग्रीक आणि हिब्रू पाठांची परंपरा आहे, तर दुसऱ्यामागे गल्लीतील पोरांचा कान आहे. लॉरेन्सच्या नावातील विद्वत्ता थोडी मिश्कीलही आहे, हे चरित्रकार विसरतात.

पैशाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. १९२२ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स ‘जॉन ह्यूम रॉस’ या नावाने ब्रिटिश हवाई दलात सर्वांत खालच्या पायरीवर भरती झाला. वर्तमानपत्राने हे गुपित फोडल्यावर १९२३ च्या जानेवारीत त्याला काढून टाकण्यात आले. मार्चमध्ये तो ‘टी. ई. शॉ’ म्हणून रणगाडा दलात, बोव्हिंग्टन येथे, दाखल झाला आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा हवाई दलात परतला. साध्या शिपायाच्या वेतनात ‘एस.एस. १००’ बसत नव्हती. ‘रिव्होल्ट इन द डेझर्ट’ (१९२७) या संक्षिप्त आवृत्तीचे उत्पन्न त्याने स्वतःसाठी घेतले नाही, ते हवाई दलाच्या कल्याणनिधीकडे वळवले. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’च्या १९२६ च्या वर्गणीदार-आवृत्तीने तर त्याला कर्जात घातले होते. त्याच्या हाती स्वतःचा म्हणावा असा जो पैसा आला त्यात भाषांतराचा वाटा मोठा होता. आद्रिएँ ल कोर्बो यांच्या फ्रेंच कादंबरीचे त्याने केलेले भाषांतर १९२४ मध्ये ‘जे. एच. रॉस’ या नावाने प्रसिद्ध झाले. ‘ओडिसी’च्या भाषांतराच्या मानधनातून पुढे त्याच्या क्लाउड्स हिल या झोपडीवजा घराच्या सोयी झाल्या. १९२९ मध्ये तो भारतातून परतला तेव्हा बर्नार्ड शॉ, शार्लट शॉ आणि काही स्नेह्यांनी मिळून त्याला एक नवी ब्रफ भेट दिली. म्हणजे लेखन, भाषांतर आणि लेखकमित्रांचा स्नेह यांच्या आधारावर हे महागडे वाहन एका शिपायाच्या ताब्यात राहिले होते. साहित्यव्यवहाराच्या इतिहासात या तपशिलाची नोंद व्हायला हवी. भाषांतरकाराच्या मानधनाचे काय होते, याविषयी अभ्यासकांना एरवी फारसे कुतूहल नसते.

३

लॉरेन्स ज्या रस्त्यावर धावत होता तो रस्ता कायद्याने कसा होता? १९०३ च्या मोटार कायद्याने ब्रिटनमध्ये ताशी २० मैलांची सर्वसाधारण वेगमर्यादा घातली होती आणि ती १९३० च्या अखेरपर्यंत कागदावर टिकून होती. म्हणजे क्रॅनवेल येथील १९२५-२६ चा प्रत्येक वेगवान प्रवास कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होता. ताशी १०० मैलांची लेखी हमी देणारी गाडी उघडपणे विकली जात होती आणि ती ज्या रस्त्यावर जायची तेथे तिच्या वेगाचा पाचवा हिस्साच वैध होता. हा विरोधाभास कोणालाच टोचत नव्हता, कारण ती मर्यादा जवळजवळ कोणीच पाळत नसे. १९३० च्या कायद्याने ती रद्द केली. परिणाम काय झाला हे आकड्यांतून दिसते : १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. मग १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. लॉरेन्सचा अपघात या दोन तारखांच्या मध्ये, १३ मे रोजी, घडला.

याच काळातील आणखी एक गोष्ट. शर्यतीतील चालकांच्या डोक्यावर संरक्षक टोप १९१४ पासूनच होता. ब्रुकलंड्स येथील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेचा कठीण टोप तयार करवून घेतला, आणि त्या वर्षीच्या आइल ऑफ मॅन येथील टी.टी. शर्यतीत तो सक्तीचा करण्यात आला. मैदानावर जे ज्ञान होते ते रस्त्यावर मात्र आले नाही. शर्यतीचा चालक टोप घालून १०० मैलांच्या वेगाने जात असे. त्याच गाडीची रस्त्यावरील आवृत्ती विकत घेणारा उघड्या डोक्याने किंवा कापडी टोपी उलटी घालून त्याच वेगाने जात असे. यामागे कंजूषपणा नव्हता. शर्यत हे धोक्याचे ठिकाण आणि रस्ता हे रोजच्या येण्याजाण्याचे, ही विभागणीच मनात पक्की होती.

४

‘द मिंट’ म्हणजे टांकसाळ. नव्या रंगरुटावर हवाई दलाचा छाप उमटवणारी छावणी, हा शीर्षकाचा अर्थ. पहिले दोन भाग १९२२ मधील अक्सब्रिज येथील टिपणांवर आधारलेले आहेत आणि त्यांचा स्वर कठोर, कित्येकदा किळसवाणाही आहे. तिसरा भाग क्रॅनवेलचा. तो नंतर जोडला गेला, हवाई दलात लाभलेल्या समाधानाची नोंद राहावी म्हणून. ‘द रोड’ हे प्रकरण या भागात येते. संपूर्ण हस्तलिखित १९२८ च्या मार्चमध्ये एडवर्ड गार्नेट यांच्याकडे रवाना झाले, ते कराचीहून. लॉरेन्स १९२७ च्या जानेवारीत कराचीजवळील ड्रिघ रोड येथील हवाई दलाच्या आगारात आला होता आणि इंजिनदुरुस्ती विभागात कारकुनी करीत होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. इंग्रजी गद्यातील वेगाचे एक अव्वल वर्णन अशा रीतीने मुंबई इलाख्याच्या हद्दीत अखेरचा आकार घेऊन बाहेर पडले, ही केवळ योगायोगाची गोष्ट आहे. परंतु त्यातून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो, तो योगायोगाचा नाही.

कराचीत लॉरेन्सजवळ ब्रफ नव्हती. छावणीच्या बाहेर तो क्वचितच पडे. दिवसभर इंजिनदुरुस्तीच्या नोंदी, संध्याकाळी वाचन, लेखन आणि ग्रामोफोन. पुढे १९२८ च्या मे महिन्यात तो वायव्य सरहद्दीवरील मीरनशाहच्या ठाण्यावर गेला. तेथे काटेरी तारांच्या कुंपणाबाहेर रात्री जाण्यास मनाई होती, आणि तेथेच अमेरिकन ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्स यांच्यासाठी त्याने ‘ओडिसी’चे भाषांतर पुढे नेले. ‘द रोड’चा अंतिम पाठ वेगाच्या अनुभवातून ताजा उतरलेला नाही. तो वेग संपल्यानंतर, अचल जागी बसून, जुन्या टिपणांतून आणि स्मृतीतून रचलेला आहे. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच त्या प्रकरणाला उन्मादाचा उद्गार मानण्याची चूक होते.

प्रकरणात घडते ते थोडे आहे. दिवसाचे काम संपते, शिपाई परवाना घेऊन छावणीच्या दारातून गाडी बाहेर काढतो, लिंकनशरच्या सपाट प्रदेशातील सरळ रोमन रस्त्याला लागतो. वर एक ‘ब्रिस्टल फायटर’ विमान दिसते. विमानचालक खुणावतो आणि दोघांची शर्यत लागते. मोटारसायकल पुढे निघते. मग वेग उतरतो, गावे येतात, आणि शिपाई आपल्या बराकीतील सोबत्यांसाठी बेकन, अंडी असा जिन्नस गोळा करून वेळेत परत येतो. समीक्षकांनी विमानाबरोबरच्या शर्यतीवर पानेच्या पाने लिहिली. पिशवीतील अंड्यांकडे मात्र फारसे पाहिले नाही. वास्तविक प्रकरणाची रचना त्या पिशवीवर उभी आहे. छावणीचे दार किती वाजता बंद होते, तोवर किती मैल होतात, चांगला जिन्नस कोणत्या गावी मिळतो, या हिशेबात शर्यत हा मधला एक तुकडा आहे. ज्याला अंडी न फुटता परत आणायची आहेत तो मरणाच्या दिशेने धावत नसतो. शिवाय हा वेग खाजगी असला तरी त्याचे फळ सामुदायिक आहे : सोबत्यांच्या पंक्तीत वाटले जाणारे.

फिलिप्पो मारिनेत्ती यांनी फेब्रुवारी १९०९ मध्ये ‘ल फिगारो’त प्रसिद्ध केलेल्या भविष्यवादाच्या जाहीरनाम्याशी या प्रकरणाची तुलना करण्याचा मोह स्वाभाविक आहे. दोहोंत यंत्राचे देहीकरण आहे, दोहोंत वेगाचे सौंदर्य आहे. भविष्यवाद्यांना मात्र यंत्राच्या साहाय्याने भूतकाळ पुसायचा होता. लॉरेन्सचे यंत्र भूतकाळाच्या मापानेच मोजले जाते. तो ब्रफची तुलना घोड्याशी, स्वारीच्या जनावरांशी करतो. तिच्या अंगी जातिवंत रक्त असल्याचे म्हणतो. मार्गही रोमनांचा आहे. ‘सेव्हन पिलर्स’मधील उंटांची वर्णने ज्यांच्या लक्षात आहेत त्यांना हा स्वर अनोळखी वाटणार नाही. १९१७ मधील अबा अल-लिसानच्या हल्ल्यात भरधाव उंटावरून पिस्तूल झाडताना लॉरेन्सची गोळी स्वतःच्याच उंटाच्या डोक्याला लागली आणि तो उडून पडला. ही फजिती त्याने स्वतःच सांगितली आहे, आणि तीही कोरड्या विनोदाने. पडण्याचे वर्णन करताना त्याचा स्वर उदात्त होत नाही. जो लेखक स्वतःच्या पडण्यावर हसू शकतो त्याच्या वेगात केवळ मृत्यूची आस शोधणे हे वाचकाच्या अपेक्षेचे प्रक्षेपण आहे. अर्थात ‘द रोड’मध्ये देहाला शिक्षा केल्याची, थकून रिकामे होण्याची भावना आहे, हे नाकारता येणार नाही. पण ती त्या संहितेतील एकच धागा आहे, संपूर्ण वीण नव्हे.

१९५० पूर्वी पुस्तक छापले जाणार नाही, असे वचन लॉरेन्सने हवाई दलप्रमुख ट्रेंचर्ड यांना दिले होते. त्याच्या मृत्यूनंतर १९३६ मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्कासाठी मोजक्या ५० प्रती निघाल्या. सार्वजनिक आवृत्ती १९५५ मध्ये आली. म्हणजे जगाने आधी अपघाताची बातमी वाचली आणि वीस वर्षांनी ‘द रोड’. वाचनाचा हा उलटा क्रमच पुढील सर्व अन्वयार्थांवर पसरलेला आहे.

५

लॉरेन्सच्या गद्याचा आणखी एक नमुना या संदर्भात पाहण्याजोगा आहे. भारतातून परतल्यावर त्याची नेमणूक प्लिमथ येथे झाली. १९३१ च्या फेब्रुवारीत त्याच्या डोळ्यांदेखत तेथील खाडीत हवाई दलाची एक ‘आयरिस’ जातीची उडती नौका कोसळली आणि तिच्यातील माणसे बुडाली. बचावासाठी गेलेल्या नौका मंद होत्या. पुढील चार वर्षे लॉरेन्सने वेगवान बचावनौकांच्या उभारणीत आणि चाचण्यांत घालवली आणि १९३२ मध्ये ‘२०० वर्गा’च्या नौकेची एक माहितीपुस्तिका सिद्ध केली. इंजिन कसे सुरू करावे, नौका धक्क्याला कशी लावावी, पाण्यात कोणत्या वेगाने वळवावी, हे तीत सुबोध, काटेकोर वाक्यांत सांगितले आहे. अलंकार नाहीत, ‘मी’ नाही. ‘द रोड’ आणि ही पुस्तिका एकाच लेखणीतून उतरल्या आहेत आणि दोहोंचा विषय वेगच आहे. एकीत वेग हा अतिरिक्त भावनेचा निचरा आहे; दुसरीत तो बुडणाऱ्या माणसापर्यंत वेळेत पोहोचण्याचा उपाय. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पहिलीला संग्रहात जागा दिली, दुसरीला परिशिष्टात.

६

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी लॉरेन्स सेवानिवृत्त झाला. १३ मे रोजी सकाळी तो क्लाउड्स हिलहून सुमारे दीड मैलावरील बोव्हिंग्टन छावणीच्या डाकघरात गेला, लेखक हेन्री विल्यम्सन यांना दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याविषयी तार केली आणि परत निघाला. जी.डब्ल्यू. २२७५ या क्रमांकाची ही सातवी ब्रफ त्याने १९३२ मध्ये घेतली होती. रस्त्याला उतार-चढ आहेत. खोलगट भागातील माणूस वरून दिसत नाही. सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्याला जबर मार लागला. तो शुद्धीवर आलाच नाही आणि १९ मे रोजी छावणीच्या रुग्णालयात मरण पावला. २१ मे रोजी चौकशी झाली. लष्करातील एका कॉर्पोरलने विरुद्ध दिशेने गेलेल्या काळ्या मोटारीचा उल्लेख केला. मुलांनी अशी मोटार पाहिल्याचे सांगितले नाही. निर्णय अपघाती मृत्यूचा लागला. त्या काळ्या मोटारीवर नंतर गुप्तहेरकथांचे इमले चढले. त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. एवढे मात्र नमूद करावे लागते की शर्यत नव्हती, दौरा नव्हता, विमानाशी चुरस नव्हती. डाकघरात जाऊन घरी परतण्याची ती फेरी होती.

त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले, मेंदूच्या शस्त्रक्रियेतील तरुण तज्ज्ञ होते. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तेथील सेंट ह्यूज महाविद्यालयात डोक्याच्या जखमांसाठी उघडलेल्या लष्करी रुग्णालयामागे मुख्यतः तेच होते. ४ ऑक्टोबर १९४१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा आणि टोपाचे महत्त्व या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार व त्यांच्यामागे बसणारे मरण पावले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. पेट्रोलची टंचाई असूनही आकडा वाढला होता. दिवेबंदीचा अंधार आणि लष्कराचे निरोप्ये हे त्यामागचे उघड कारण. केर्न्स यांना टोप घातलेल्या जखमींची अवघी सात उदाहरणे मिळाली, आणि ते सातही जण वाचले होते. सात हा आकडा संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही, याची लेखकाला जाणीव आहे. म्हणून युक्तिवाद जपून, जखम कोठे झाली आणि टोप कोठे दबला याच्या वर्णनावर पुढे सरकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला. १९४३ मध्ये केर्न्स आणि भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १०६ प्रकरणांचा दुसरा लेख लिहिला.

२००२ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात लॉरेन्स, केर्न्स आणि टोप यांचा संबंध सांगणारा लेख आल्यापासून ही कथा लोकप्रिय झाली आहे : एका नायकाचा मृत्यू, एका डॉक्टरची हळहळ, आणि लाखो जीव वाचवणारा शोध. कथा खोटी नाही, पण फार नीटनेटकी आहे. १९३५ आणि १९४१ यांच्यामध्ये सहा वर्षे आहेत. १९१४ चा गार्डनर यांचा टोप आहे. आणि लष्कराला हलवणारी गोष्ट नायकाच्या आठवणीहून निरोप्यांच्या मृत्यूंची संख्या हीच होती. केर्न्स यांच्या मनात लॉरेन्सची ती सहा दिवसांची मूर्च्छा राहिली असेलच; पण त्यांनी जे गद्य लिहिले त्याचे बळ असे आहे की त्यात कोणीही नायक नाही. दोन हजार दोनशे एकोणऐंशी मेलेल्या माणसांपैकी कोणाच्याही चष्म्याला तेथे फांदी लाभलेली नाही.

७

याच १९३५ सालची एक समांतर घटना लॉरेन्सविषयीच्या लेखनात कधी येत नाही. ११ डिसेंबर १९३४ रोजी थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन तरुणी ‘पँथर’ बनावटीच्या ६०० घन सेंटिमीटरच्या मोटारसायकलीवर, बाजूला जोडगाडी आणि मागे ओढगाडी लावून, लंडनहून केप टाउनकडे निघाल्या. सहारा ओलांडून, वाटेत इंजिन स्वतः खोलून दुरुस्त करीत त्या १९३५ च्या जुलैत पोहोचल्या. लॉरेन्स डॉर्सेटमध्ये मूर्च्छित पडला होता तेव्हा त्या आफ्रिकेत कोठेतरी चिखलातून वा वाळूतून गाडी ढकलीत होत्या. वॉलक पुढे ब्रुकलंड्सवर १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी मारून सुवर्णतारा मिळवणाऱ्या मोजक्या स्त्रियांत गणली गेली आणि युद्धकाळात ब्रिटिश लष्करात मोटारसायकलवरील निरोप्या झाली. म्हणजे केर्न्स ज्यांच्या डोक्यांची मोजदाद करीत होते त्याच वर्गातील ती एक. तिने लिहिलेले ‘द रग्ड रोड’ हे त्या प्रवासाचे पुस्तक मात्र तिच्या मृत्यूनंतर, २००१ मध्ये छापले गेले. लॉरेन्सचा ‘रोड’ वीस वर्षे अडकला तो त्याने स्वतः दिलेल्या वचनामुळे; वॉलकच्या ‘रोड’ला साठ-पासष्ट वर्षे लागली. मोटारसायकलच्या साहित्याचा इतिहास या दुसऱ्या पुस्तकापासून लिहायला घेतला तर त्याचा नायक बदलतोच, शिवाय वेगाऐवजी दुरुस्ती हा त्याचा केंद्रबिंदू होतो. रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) मग अपवाद राहत नाही, एका जुन्या धाग्याचे तात्त्विक टोक ठरते. एर्नेस्तो गेव्हाराच्या १९५२ च्या रोजनिशीतील नॉर्टनही याच धाग्यात बसते. ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ‘सामर्थ्यशालिनी’, हे नाव धारण करणारी ती गाडी चिलीत कायमची मोडते आणि खरा प्रवास, म्हणजे माणसांशी गाठ, त्यानंतर सुरू होतो.

८

ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना टोप सक्तीचा झाला तो १ जून १९७३ रोजी. केर्न्स यांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. सक्ती येताच शीख स्वारांनी पगडीचा प्रश्न उपस्थित केला आणि १९७६ मध्ये संसदेने त्यांच्यासाठी अपवादाचा स्वतंत्र कायदा केला. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सक्ती आणि पगडीचा अपवाद ही दोन्ही एकत्रच आली. ब्रिटनमध्ये जे दोन टप्प्यांत, संघर्षातून घडले ते भारतीय संहितेत एकाच परिच्छेदात बसले. कायद्यांचेही भाषांतर होते आणि भाषांतरात मूळ पाठाचा वादविवाद गळून पडतो, याचे हे बरे उदाहरण आहे. तो गळालेला वाद मग रस्त्यावर परत येतो. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा विरोधी समितीने निदर्शने केली. त्याआधीही तेथे असे प्रयत्न पुन्हा पुन्हा विरोधात अडकले होते. विरोधकांचा एक मुख्य मुद्दा असा की महामार्गावर टोप समजण्यासारखा आहे, शहरात नाही : पेठेतल्या पेठेत, दुकानापर्यंत आणि कचेरीपर्यंत जाण्यासाठी तो कशाला? धोका वेगळ्या ठिकाणी असतो आणि रोजची ये-जा वेगळी, ही १९१४ मधील विभागणी येथे मराठीत, शंभर वर्षांनी, शब्दशः हजर होते.

बोव्हिंग्टनच्या डाकघरापासून क्लाउड्स हिलपर्यंतचे अंतर सुमारे दीड मैल आहे. पुण्यात शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंत जायला याहून थोडे अधिक जावे लागते.